नकाराची किंमत

राहुल जैन या तरुण दिग्दर्शकाचा ‘मशीन्स’ हा माहितीपट 2016 साली प्रदर्शित झाला. सुरतेजवळच्या सचिन या औद्योगिक वसाहतीतील एका कापड रंगाई-छपाईच्या कारखान्यात तो चित्रित केलेला आहे. सव्वा तासाच्या आतबाहेर असलेल्या या चित्रपटाला निवेदक नाही. पाहणाऱ्याला सांभाळून नेणारे संगीत नाही. आहे तो यंत्रांचा अखंड घरघराट, भट्टीच्या तोंडाशी घामाने निथळत उभा असलेला माणूस, पिंपांत रंग कालवणारे हात, आणि पाळी संपताच कापडाच्या ढिगावर पडल्या जागी झोपी गेलेली माणसे. एक कोवळा मुलगा यंत्रापुढे उभ्याने पेंगतो आहे. त्याची मान खाली जाते, तो दचकून जागा होतो, हात पुन्हा कामाला लागतात आणि मान पुन्हा खाली जाते. कॅमेरा त्याच्यावरून हलत नाही. खुर्चीत बसून ते पाहणे आम्हांस कठीण गेले.

या कारखान्यातील पाळी 12 तासांची आहे. स्वतंत्र भारतात 1948 साली झालेल्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगाराच्या कामाला दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घालून दिली होती. पडद्यावर हा कायदा कोठे दिसत नाही आणि त्याचा उल्लेखही कोणी करीत नाही. काही माणसे एक पाळी संपवून थोडी विश्रांती घेतात आणि दुसऱ्या पाळीला उभी राहतात.

परंतु हा लेख आम्ही लिहावयास घेतला तो या हालअपेष्टांचे वर्णन करण्यासाठी नव्हे. तसे वर्णन वाचकांनी पुष्कळ वाचले असेल. आम्हांस थांबविले ते त्या चित्रपटातील एका मजुराच्या बोलण्याने. परमुलखातून, रेल्वेचा लांबचा प्रवास करून, तोही कर्ज काढून आलेला हा माणूस शांतपणे सांगतो की येथे त्याचे कोणी शोषण करीत नाही. तो आपल्या मर्जीने आला आहे, कर्ज त्याने स्वतः घेतले आहे, त्याला कोणी ओढून आणलेले नाही. घरी मुलेबाळे आहेत, म्हणून तो काम करतो. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नाही आणि मालकाला खूष करण्याचा आवही नाही.

चित्रपट पाहून झाल्यावर आमच्या परिचयातील एका सुशिक्षित गृहस्थांनी नेमके हेच बोलणे उचलले. ते म्हणाले, “झाले तर मग! तो स्वतःच सांगतो आहे. काम त्याला कबूल आहे, मजुरी कबूल आहे. मधे बोलणारे आपण कोण?” गृहस्थ निर्दय नाहीत. धर्मग्रामातील गरजूंना त्यांचा हात नेहमी सैल असतो. त्यांचा प्रश्नही उडवून लावण्याजोगा नाही. दोन शहाण्या माणसांनी परस्परांच्या संमतीने एखादा व्यवहार केला, तर तो अन्यायाचा आहे असे तिसऱ्याने कोणत्या आधारावर म्हणावे?

या प्रश्नाला जोडूनच चित्रपटातील आणखी एक दृश्य पाहिले पाहिजे. कारखान्याचा मालक आपल्या खोलीत, कॅमेऱ्यांनी टिपलेली कारखान्याची चित्रे समोर ठेवून बसलेला आहे. त्याची तक्रार अशी, की पूर्वी मजुरी कमी होती तेव्हा माणसे मन लावून काम करीत, कारण पोटे रिकामी होती. आता चार पैसे अधिक मिळू लागले, पोटे भरली, आणि कामातले लक्ष उडाले. हे तो लपूनछपून बोलत नाही. त्याला ते जगाचे साधे ज्ञान वाटते. आमच्या मते या मालकाने आमच्या परिचित गृहस्थांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर स्वतःच देऊन टाकले आहे. मजुराने आपल्या संमतीचे नाव ‘मर्जी’ असे सांगितले आणि मालकाने त्याच संमतीचे नाव ‘रिकामे पोट’ असे सांगितले. एकाच होकाराची ही दोन नावे आहेत.

महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. गेल्या शतकाच्याही आधी आपल्या दख्खनमधील शेतकरी सावकाराच्या खतावर अंगठा उठवीत असे. अंगठा त्याचाच असे, साक्षीदार खरे असत आणि तो धरून कोणी उठविलेला नसे. तरीही मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी लोक उठले आणि तेथून पसरलेल्या दंग्यांत ठिकठिकाणी सावकारांची खते जाळण्यात आली. माणसांवर हात टाकण्यापेक्षा कागद जाळण्याकडे त्यांचा कल होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्याच संमतीचा पुरावा ते जाळीत होते. पुढे 1879 साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, त्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास तपासण्याची मोकळीक दिली. अंगठा खरा आहे एवढ्यावर न थांबता, तो कोणत्या स्थितीत उठला हे विचारणे न्यायाधीशाच्या कक्षेत आले. एका परक्या, मुक्त व्यापाराचे गोडवे गाणाऱ्या राज्यकर्त्यांनाही एवढे मान्य करावे लागले.

त्यानंतर बारा वर्षांनी, 15 मे 1891 रोजी, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरूम नोवारूम’ हे परिपत्रक प्रसृत केले. ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचा उल्लेख निघाला की या परिपत्रकाचे नाव आपण आदराने घेतो. 2025 साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदाव्यांनी आपले नाव निवडताना त्याचीच आठवण सांगितली. परंतु त्यातील मजुरीसंबंधीचा युक्तिवाद आपल्यापैकी किती जणांनी सावकाश वाचला असेल, याची आम्हांस शंका आहे. तो युक्तिवाद आमच्या परिचित गृहस्थांच्या प्रश्नापासूनच सुरू होतो. मजुरी कराराने ठरली आणि मालकाने ठरलेली रक्कम दिली, तर त्याचे कर्तव्य संपले, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे पोपमहोदय आधी नीट मांडतात. मग ते एक भेद दाखवितात. माणसाचे श्रम त्याचे स्वतःचे असतात. तेवढेच पाहिले तर ते कितीही कमी मोलाने, किंबहुना फुकटही, देण्यास तो मोकळा आहे. परंतु ते श्रम त्याच्या जगण्यासाठी आवश्यकही असतात. जगणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे आणि गरिबाजवळ जगण्याचे श्रमावाचून दुसरे साधन नाही. म्हणून कोणत्याही कराराच्या आधीचा आणि त्याहून वरचा असा एक नैसर्गिक न्याय आहे. साधेपणाने राहणाऱ्या कामकऱ्याचे पोट भरेल, याहून मजुरी कमी असता कामा नये. गरजेपायी किंवा अधिक वाईट प्रसंगाच्या भीतीने त्याने त्याहून कमी पत्करली, तर तो जबरदस्तीला बळी पडला असे समजावे.

‘जबरदस्ती’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मालकाने हात उगारलेला नाही आणि दाराला कुलूप घातलेले नाही, तरीही ही जबरदस्तीच आहे. जबरदस्ती करणारा दिसत नाही, एवढाच फरक. ती भूक करते आणि तिचा लाभ मात्र भुकेपेक्षा निराळ्याच कोणाला होतो.

आश्चर्य असे, की हीच विचारसरणी जवळजवळ शंभर वर्षांनी, अगदी निराळ्या वाटेने, आपल्या सर्वोच्च न्यायालयात पोचली. 1982 च्या अखेरीस दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरावयाच्या होत्या. त्यासाठी क्रीडागारे, उड्डाणपूल, हॉटेले यांची बांधकामे घाईने चालू होती. दूरदूरच्या गावांहून जमादारांनी आणलेले मजूर तेथे राबत होते. किमान वेतन होते दिवसाला 9 रुपये 25 पैसे. ठेकेदाराकडून ती रक्कम जमादाराच्या हाती जाई आणि माणशी एक रुपया आपल्या दलालीचा कापून तो उरलेले 8 रुपये 25 पैसे मजुराच्या हातावर ठेवी. एका नागरी हक्क संघटनेने याबाबत लिहिलेले पत्रच न्यायालयाने अर्ज म्हणून दाखल करून घेतले. सप्टेंबर 1982 मध्ये न्या. भगवती यांनी त्याचा निकाल दिला. वेठबिगारीला मनाई करणारे घटनेचे 23 वे कलम त्यांनी उलगडून दाखविले. जोर केवळ हाताचा किंवा कायद्याचाच असतो असे नाही, भूक आणि दारिद्र्य यांतून येणारी सक्तीही जोरच आहे. जो मनुष्य किमान वेतनाहून कमी पैशांत काम करतो, तो या सक्तीखालीच करतो असे धरले पाहिजे आणि म्हणून ते काम वेठीचे ठरते.

एक रुपया! त्या एका रुपयाने मजुरी आणि वेठ यांच्यामधली रेषा ओलांडली गेली, असे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने म्हटले. वाचकहो, आपली मराठी भाषा मात्र हे न्यायालयाच्या कितीतरी आधीपासून जाणून आहे. बांधकामावर वाळूसिमेंटची घमेली वाहणाऱ्या माणसाला आपण आजही ‘बिगारी’ म्हणतो. बिगार म्हणजे वेठ. बिगारी म्हणजे वेठीस धरलेला. राजे गेले, जहागिरदार गेले, वेठ कायद्याने बंद झाली, रोज ठरवून देण्याची पद्धत आली आणि नाव मात्र तेच राहिले. आपण ते नाव इतक्या सहजपणे उच्चारतो की त्याचा अर्थ आपल्या कानांना ऐकू येत नाही.

त्याच 1982 सालच्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, हेही येथे आठवते. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले होते. त्या संपाचे बरेवाईट सांगण्याचे हे स्थळ नाही. परंतु गिरण्यांतील ठरलेली पाळी, हजेरी, भविष्यनिर्वाह निधी, संघटना हे सारे ज्या कामाला चिकटलेले होते, ते कापडाचे काम पुढे अधिकाधिक भिवंडी आणि सुरतेसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे व छपाई कारखान्यांकडे गेले. ‘मशीन्स’मधील कारखाना त्याच वाटेवरचा आहे. सणासुदीला दादरच्या दुकानांतून आपण हौसेने घेतो त्या छापील साड्यांपैकी कितीतरी सुरतेहून येतात.

आता आमच्या परिचित गृहस्थांकडे परत वळू, कारण त्यांच्या म्हणण्यातील बळ अजून संपलेले नाही. ते विचारतील, हा कारखाना उद्या बंद पडला तर त्या मजुराचे काय? गावी त्याला याहून वाईट दिवस आहेत, म्हणून तर तो इतक्या दूर आला. हे खरे आहे आणि ते नाकारणारा मनुष्य स्वतः कधी उपाशी राहिलेला नसावा. कमी मजुरीचे काम हे बेकारीपेक्षा बरे. परंतु ‘उपासमारीपेक्षा बरे’ हे माप कोण वापरतो आहे, ते पाहिले पाहिजे. मजुराने ते वापरले तर ती त्याची लाचारी आहे. मालकाने ते वापरले तर त्याचा अर्थ असा होतो, की समोरच्याची स्थिती जितकी वाईट, तितके आपले देणे कमी. मग गावी दुष्काळ पडला की सुरतेतला न्याय स्वस्त झाला म्हणावयाचे! न्यायाचा भाव असा शेजारच्या उपासमारीवर ठरू लागला, तर त्याला न्याय का म्हणावे, हे आम्हांस कळत नाही.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे आणि तो आमचा आम्हांलाच सुचला. तो मजूर म्हणतो, मी मर्जीने आलो. आम्ही म्हणतो, तुझी मर्जी ही मर्जीच नव्हे. असे म्हणताना आम्ही त्याच्याजवळ उरलेली शेवटची वस्तू काढून घेत नाही काय? घर मागे राहिले, झोप गेली, फुप्फुसांत वाफ आणि रंगाचा वास भरला, तरी त्याने एक गोष्ट स्वतःजवळ राखली आहे, ती म्हणजे आपले आयुष्य आपण चालवितो आहोत ही जाणीव. आपल्या मुलांसाठी आपण हे पत्करले आहे, असे म्हणणारा बाप आणि कोणी वेठीला धरून आणलेला गुलाम, यांत त्याच्या दृष्टीने आकाशपाताळाचे अंतर आहे. आमच्यासारख्या हळव्या प्रेक्षकांना मात्र तो रडला असता तर बरे वाटले असते. गरिबाने आपल्यापुढे दीन व्हावे, म्हणजे आपल्या दयेला जागा मिळते. जो ताठ मानेने ‘मला कोणी फसविलेले नाही’ असे म्हणतो, त्याच्यावर दया करणे जड जाते.

याचे उत्तर आम्हांस पुष्कळ दिवस सापडत नव्हते. आता आम्हांस असे वाटते, की त्या होकाराचे मोल तो कोणाच्या तोंडी आहे यावर अवलंबून असते. मजुराच्या तोंडी तो त्याचा मान आहे. त्याने तो अभिमानाने सांगावा आणि आपण तो मान खाली घालून ऐकावा. मालकाच्या तोंडी मात्र तो एक पावती होतो, ‘माझे देणे फिटले’ अशी पावती. ही पावती मजुराने दिलेली नाही. त्याने फक्त एवढेच सांगितले, की मी भेकड नाही, मी माझ्या घराचा पोशिंदा आहे. ‘मला जे मिळते ते न्याय्य आहे’ असे तो कधीही म्हणालेला नाही. आमचे गृहस्थ त्याच्या मानाचा कागद घेऊन मालकाच्या वहीत चिकटवू पाहत होते. बापाने मुलांसाठी उपास काढला, तर त्यात त्याची थोरवी आहे. ज्याच्यामुळे तो उपास काढावा लागला, त्याच्या खात्यावर ती थोरवी जमा होत नाही.

तर मग संमती खरी केव्हा मानावी? आमचे स्वतःचे माप असे आहे, की होकार तोलताना नकाराची किंमत विचारावी. हा मनुष्य ‘नाही’ म्हणाला, तर त्याचे काय होईल आणि माझे काय होईल? मी नाही म्हणालो तर माझे काम चार दिवस लांबणीवर पडेल. तो नाही म्हणाला तर संध्याकाळी त्याची चूल पेटणार नाही. दोन्ही नकार जेथे सारखेच महाग असतात, तेथे सौदा मोकळ्या मनाचा असतो. एकाचा नकार फुकट आणि दुसऱ्याचा जीवघेणा असला, म्हणजे सौदा कितीही हसतखेळत झालेला असो, त्यात एक पारडे आधीच दाबून धरलेले असते. चित्रपटात एकजण सांगतो, की मजूर एक होऊ लागले तर त्यांच्या पुढाऱ्याचा काटा काढला जातो. हे खरे असेल, तर एकट्याचा नकार भुकेने महाग केला आणि सर्वांचा मिळून नकार भीतीने. मग उरले काय?

2020 च्या वसंतात नकाराची ही किंमत साऱ्या देशाला उघड्यावर दिसली. 25 मार्चपासून टाळेबंदी लागू झाली, यंत्रे थांबली आणि यंत्रांबरोबर रोजही थांबला. एप्रिल महिन्यात सुरतेतील परप्रांतीय मजूर पुन्हा पुन्हा रस्त्यावर आले. आम्हांला घरी जाऊ द्या, ही त्यांची मुख्य मागणी होती. ज्यांच्याविषयी आपण म्हणत होतो की ते आपल्या मर्जीने आले, त्यांच्या मर्जीने त्यांना जाता मात्र येईना. श्रमिकांसाठीच्या खास रेल्वेगाड्या सुरू झाल्या त्या 1 मे रोजी, म्हणजे कामगार संत योसेफ यांच्या सणाच्या दिवशी. तोवर देशभर असंख्य लोक डोक्यावर बोचके आणि खांद्यावर मूल घेऊन पायी निघालेले होते. येण्याचे स्वातंत्र्य होते ते कारखान्याला हातांची गरज होती म्हणून, हे त्या दिवसांत फार स्पष्ट झाले.

चित्रपटाच्या अखेरीस मजुरांचा एक घोळका कॅमेऱ्याभोवती जमतो. ते दिग्दर्शकालाच धारेवर धरतात. पुढारी येतात, पाहतात, विचारपूस करतात आणि निघून जातात, तसेच तुम्हीही जाल. आम्ही काय करावे ते सांगा, आम्ही करू. अशा आशयाचे ते बोलणे आहे. दिग्दर्शकाजवळ उत्तर नाही आणि ते नसल्याचे त्याने लपविलेले नाही. हा प्रश्न त्याने कात्रीखाली घालवला असता तर कोणाला कळलेही नसते. या चित्रपटाला 2017 साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात छायाचित्रणाचे खास पारितोषिक मिळाले आणि ते योग्यच होते. वाफेतून उलगडत येणारे ते रंगीत कापड डोळ्यांना सुंदर दिसते. इतके सुंदर दिसावे काय, अशी रुखरुख आम्हांस लागली. परंतु आमच्या कपाटातले कापडही सुंदरच दिसते, तेव्हा दोष एकट्या कॅमेऱ्याला देता येत नाही.

दिग्दर्शकाच्या मौनाला आम्ही प्रामाणिकपणा म्हणू. आपल्या मौनाला तसे म्हणता येईल काय? तो कारखान्यात पाहुणा होता. आपण तर आपापल्या परीने मालक आहोत. घराला गिलावा करावयाचा असतो, विहिरीतला गाळ काढावयाचा असतो, वाडीत खणावयाचे असते, पावसाआधी कौले चाळावयाची असतात, आजारी आईजवळ दिवसभर बसावयास बाई हवी असते. यांपैकी कोणाला आपण काय देतो, हे ठरविताना आपल्या तोंडी येणारे वाक्य कोणते? “त्याला विचारले, तो कबूल झाला.” सचिनच्या मालकाचे आणि आपले येथे चांगलेच जमते. फरक इतकाच, की त्याच्यापुढे शेकडो माणसे आहेत आणि आपल्यापुढे एक.

आपल्या शहरांत, गावांत मजुरांचे नाके असतात. सकाळी सात-साडेसातपासून तेथे गवंडी, बिगारी, रंगारी उभे राहतात. कोणाजवळ थापी, कोणाजवळ ब्रश, पुष्कळांजवळ नुसती जेवणाच्या डब्याची पिशवी. मत्तयलिखित शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला समजावून सांगावयास याहून चांगली जागा आम्हांस ठाऊक नाही. त्या दाखल्यात करार आहे, हे आपण विसरतो. पहाटे लावलेल्या कामकऱ्यांशी धन्याने दिवसाचा एक दिनार ठरविला होता. तो त्या काळचा सर्वसाधारण रोज होता. संध्याकाळी ते कुरकुरू लागले, तेव्हा धनी त्यांना त्या कराराचीच आठवण देतो. वरवर पाहता तोही आमच्या गृहस्थांसारखेच बोलतो. तुम्ही कबूल झाला होता ना! परंतु त्याने तो करार कशासाठी पुढे केला ते पहावे. कमी देण्यासाठी नव्हे, कारण ठरलेला पूर्ण दिनार त्याने आधीच त्यांच्या हातावर ठेवला होता. दुसऱ्यांनाही तेवढेच दिले म्हणून तक्रार आली, तेव्हा त्याने कराराचा उच्चार केला. जे दिवस कलताना आले त्यांच्याशी तर त्याने मजुरीचा शब्दही काढलेला नव्हता. त्यांच्या होकाराची किंमत त्या वेळी किती उतरलेली असेल! दिवसभर कोणी कामाला लावले नाही, असे त्यांनीच त्याला सांगितले होते. दिवस मावळावयास तासभर उरलेला, घरी रिकाम्या हाताने जावयाचे, अशा माणसाने पाव दिनारही आनंदाने घेतला असता. धन्याला ते दिसत होते. त्याने विचारलेच नाही.

नाक्यावर साडेदहाच्या पुढे गर्दी विरळ होते. जे उरतात त्यांत वय झालेले, अंगाने किरकोळ, नुकतेच गावाहून आलेले आणि भाषा न येणारे अधिक असतात. अकराच्या सुमारास ते स्वतःच रोज खाली आणू लागतात, आठशे म्हणणारा सहाशेवर येतो, सहाशे म्हणणारा पाचशेवर. काम घाईचे नसेल तर थोडे उशिरा जावे, तेव्हा माणूस स्वस्त मिळतो, ही युक्ती आमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे.